भांडवलाचा प्रश्न उधारीच्या वहीत शोधा

दहावी-बारावीचे निकाल लागले किंवा सरकारी भरतीची एखादी परीक्षा पुढे ढकलली गेली की आपल्याकडे एक जुना वाद नव्याने रंगतो. मराठी तरुण धंद्यात का उतरत नाही? पक्ष ठरलेले, वाक्यंही ठरलेली. एक पक्ष सांगतो की आपल्या माणसात धमकच नाही, एक तारखेचा पगार त्याला सुटत नाही, आणि बाहेरून आलेला माणूस मात्र चार वर्षांत स्वतःचं दुकान थाटतो. दुसरा पक्ष उसळून विचारतो, धमक आहे हो, पण भांडवल कुठून आणायचं? बँकेचा मॅनेजर तारण मागतो, योजनेची फाइल जिल्हा उद्योग केंद्रात धूळ खाते. तेवढ्यात कुणीतरी वडापाववाल्याच्या महिन्याच्या कमाईचा व्हिडिओ फिरवतो, त्याखाली इंजिनिअर झालेल्यांना लाज वाटावी अशा चार ओळी असतात, आणि विषय पुढच्या निकालापर्यंत निवतो.

या दोन्ही पक्षांनी धंदा फक्त उद्घाटनाच्या दिवशी पाहिलेला असतो. नारळ फुटला, पाटी लागली, पेढे वाटले. त्यानंतर सहा महिन्यांनी त्या गाळ्यात काय चाललंय हे विचारायला कुणी जात नाही. माझं म्हणणं असं आहे की थोड्या पैशात उभे राहिलेले बरेचसे धंदे मुळात पैसा कमी होता म्हणून बसत नाहीत, आणि मालक भित्रा होता म्हणून तर मुळीच नाही. जो काही पैसा होता तो दुसऱ्याच्या खिशात जाऊन अडकतो, आणि हा दुसरा बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून छोट्या उद्योगासाठी काही करायचं असेल तर नवीन कर्ज वाटण्याआधी त्याचे अडकलेले पैसे सोडवायला हवेत.

त्या व्हिडिओतला वडापाववालाच घ्या. लोक त्याची कमाई मोजत बसतात. पाहण्यासारखं आहे ते त्याच्या पैशाचं वेळापत्रक. सकाळी मार्केट यार्डातून बटाट्याचं पोतं येतं, मिरच्या-कोथिंबीर येते. पावाच्या लाद्या बेकरीवाला ठेवून जातो आणि हिशेब रात्री करतो. संध्याकाळच्या गर्दीत सगळा माल संपतो, पैसे रोख नाहीतर स्कॅन करून, बरेचदा प्लेट हातात पडायच्या आधीच. सकाळी घातलेले पाच हजार रात्री नऊला घरी परत, वर चार पैसे सुटलेले, त्यातलेच शंभर-दोनशे पतसंस्थेचा पिग्मीवाला येऊन घेऊन जातो. थोडा पैसा असलेली माणसं एवढ्या संख्येने खाण्याच्या गाड्यांकडे का वळतात? शहाणे लोक म्हणतात, कल्पनाशक्ती नाही, एकाने टाकली की दुसरा टाकतो. मला तसं वाटत नाही. पैसा कमी असेल तर तो रोज घरी आला पाहिजे, हे त्यांना कुणी न शिकवता कळलेलं असतं. (गाडीलाही जागेचा वाद, हप्ता, अतिक्रमणवाल्यांची धाड ही दुखणी आहेतच. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता जरा वरच्या पायरीवरचा धंदा. पुण्याच्या एका उपनगरात घरून चिवडा-चकली करणाऱ्या एका ताईंची वही मी पाहिली आहे. जमाखर्च चोख. ओळखीच्या गिऱ्हाइकांचे, सोसायट्यांचे, दोन-तीन किराणा दुकानांचे पैसे आठ-दहा दिवसांत येत. मग एका सुपरमार्केटच्या साखळीने माल घ्यायला सुरुवात केली. घरात आनंदीआनंद. त्यानंतरच्या पानांवर ‘येणे’ या रकान्यात एकच नाव खालपर्यंत उतरत गेलं होतं. फोन केला की उत्तरं अशी: ‘जीआरएन (माल पोचल्याची नोंद) झालेलं नाही’, ‘बिल अकाउंट्सला आहे’, ‘चेक निघालाय, साहेबांची सही राहिलीय’, ‘गुरुवारी करा ना फोन’. गुरुवारी केला तर साहेब टूरवर.

यातलं गणित एकदा मांडून पाहू, कारण वादात ते कुणीच मांडत नाही. समजा खेळतं भांडवल ५०,००० रुपये आहे. पोहे-शेंगदाणे घेतल्यापासून विकलेल्या मालाचे पैसे हातात येईपर्यंत १० दिवस लागतात. म्हणजे पैसा महिन्यातून तीनदा फिरतो. एका फेरीला १५ टक्के सुटले तर ७,५०० रुपये, महिन्याचे २२,५००. आता तोच माल साखळीने ६० दिवसांच्या उधारीवर मागितला, आणि भाव चढा दिला म्हणून १५ऐवजी २५ टक्के सुटतात असं धरू. फेरी ७० दिवसांची झाली. ७० दिवसांत १२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला जेमतेम ५,३५०. नफ्याचा टक्का वाढला आणि घरात येणारा पैसा चौथाईवर आला! पूर्वीइतकाच, महिन्याला दीड लाखाचा माल काढत राहायचा असेल तर ५०,००० पुरणार नाहीत, साडेतीन लाख लागतील. मग ताई बँकेत जाऊन सांगणार की भांडवल कमी पडतंय. त्या खोटं बोलत नाहीत. पण वरचे तीन लाख कशासाठी लागले? साखळीने आपल्या फडताळांवरचा माल पुरवठादाराच्या पैशाने भरला, त्यासाठी. बँकेकडून बारा-चौदा टक्क्यांनी घ्यायचे आणि कोट्यवधींच्या उलाढालीच्या कंपनीला बिनव्याजी वापरायला द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

त्यात जीएसटीची पाचर आणखी वेगळी. नोंदणी असेल तर बिल काढलं त्या महिन्याचा कर पुढच्या महिन्यात भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. मोठा खरेदीदार मात्र त्याच बिलावर कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करात तेवढी वजावट, घेऊन मोकळा होतो. पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्याला परत करावं लागतं हे खरं, पण त्यासाठी कायद्याने मुदत दिली आहे १८० दिवसांची. म्हणजे जे पैसे अजून पाहिलेही नाहीत त्यांच्यावरचा कर छोट्याने आधी भरायचा आणि त्याचा फायदा मोठ्याने सहा महिने वापरायचा.

आता भांडवलवाल्या पक्षाचा सगळ्यात दमदार मुद्दा. ते म्हणतील, चिवड्याचं ठीक आहे, पण लेथ मशीन कुठल्या फेरीतून येणार? साचा, कॉम्प्रेसर, कोल्ड रूम यांना एकरकमी पैसा लागतो, आणि तो कुणीतरी द्यावाच लागतो. मान्य, अगदी मान्य. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, पण लोखंडी नांगराचा कारखाना १९१० साली कुंडलच्या माळावर उभा राहिला तो औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि कर्ज दिलं म्हणून. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला तोही जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळावर. संस्थानिकांनी टाकलेला तो पैसा नसता तर आजचं किर्लोस्करवाडी नसतं, इचलकरंजीचं वस्त्रनगर नसतं. आज संस्थानिकांच्या जागी मुद्रा योजना आहे, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. या योजना बंद करा असं कुणी म्हणत असेल तर तो मी नव्हे.

पण किर्लोस्करांच्या त्या कथेतला कारखान्याआधीचा भाग आपण नेहमी गाळतो. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं गेली. दोन वर्षं माल पडून! यंत्र होतं, हुन्नर होता, धमक तर होतीच. अडकलेला होता तो पैसा. यंत्रासाठी कर्ज देणारा देव भेटला तरी त्या यंत्रातून निघालेल्या मालाचे पैसे कधी येणार हा प्रश्न उरतोच, आणि आपल्या योजनांच्या फॉर्मवर त्यासाठी धड जागाच नसते. प्रकल्प अहवालात सीए ‘वर्किंग कॅपिटल’ म्हणून एक आकडा टाकून देतो. गिऱ्हाईक कोण, तो किती दिवसांनी पैसे देतो, याची चौकशी कर्ज देणारा करत नाही आणि घेणाऱ्यालाही सुचत नाही.

याच्या उलट उदाहरण गिरगावचं. १५ मार्च १९५९ला सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं. पुढे त्यातून लिज्जत पापड उभं राहिलं ही गोष्ट शाळेच्या भाषणांत इतकी वापरून झाली आहे की तिच्यातला धंदा कुणाला दिसत नाही. जिद्द, स्त्रीशक्ती, सहकार, सगळं खरं. पण कारभार कसा होता ते बघा. बाई पीठ घरी न्यायची, लाटलेले पापड आणून द्यायची आणि वणाई, म्हणजे लाटायची मजुरी, तिथल्या तिथे घ्यायची. त्यासाठी विक्रीचा पैसाही भराभर परत यायला हवा होता, नाहीतर दुसऱ्या दिवशी पीठही नाही आणि वणाईही नाही. कुणाकडून देणगी घ्यायची नाही हा नियम पहिल्यापासून. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आणि खेळतं भांडवल मिळालं ते १९६६ साली, म्हणजे धंदा स्वतःच्या पायावर सात वर्षं चालून दाखवल्यानंतर. आधी फेरी बसवली, मग पैसा घेतला. आपल्या योजना बरोबर उलट्या क्रमाने चालतात.

मानसिकतावाल्यांचं काय? त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आमच्या घरांमध्ये नोकरीला जेवढा मान आहे तेवढा दुकानाला नाही. मुलगी देताना आजही ‘परमनंट आहे का’ हेच विचारतात. पण ते ज्या मारवाडी-गुजराती समाजाचे दाखले देतात त्याच्याकडे नीट पाहिलं तर काय दिसतं? राजस्थानातून कलकत्त्याला उतरलेल्या पोराला बासात, म्हणजे समाजाच्या सामाईक बिऱ्हाडात, राहायला-जेवायला मिळे, नातलगाच्या पेढीवर उमेदवारी मिळे, आणि स्वतःचा धंदा मांडायची वेळ आली की ओळखीवर माल उधार मिळे. म्हणजे त्याला आधीच वेळ दिलेला असे. तो माल विकून पैसे आल्यावर देणी द्यायची. उधारीचं चक्र त्याच्या बाजूने फिरत होतं. मराठी पोराचं उलटं: माल रोखीने घ्यायचा कारण बाजारात पत नाही, आणि विकायचा उधारीवर कारण गिऱ्हाईक मोठं. दोघांच्या रक्तात फरक शोधण्याऐवजी दोघांच्या वह्या शेजारी ठेवाव्यात. आणि आपल्याकडे धंदा करणारी माणसं नव्हती म्हणावं, तर खुद्द महात्मा फुले कंत्राटदार होते, त्यांची पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी होती. भीतीचंही तेच. पाठीशी चार चुलते उभे असलेला माणूस बुडाला तर पुन्हा उभा राहतो. आईचे दागिने सोनाराकडे ठेवून गाळा घेतलेल्या माणसाची भीती ही भीती नसून हिशेब असतो.

आता मला खरोखर अडचणीत टाकणारा आक्षेप. बाजार उधारीवरच चालतो, असं कुठलाही मुरलेला व्यापारी सांगेल. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी ज्याच्या दुकानात आहे त्याच्याच गल्ल्याखाली उधारीची वही असते. आणि गल्लीतल्या किराणावाल्याने उधार देणं बंद केलं तर मॉलपुढे त्याच्याकडे उरतं काय? हे मी नाकारत नाही. पण उधारी कोण कुणाला देतो यावर सगळं ठरतं. किराणावाला पगार होईपर्यंत शेजाऱ्याला थांबवून घेतो तेव्हा तो ओळखीने जोखीम घेतो, मर्यादा स्वतः ठरवतो आणि बाकी वाढली की माल देणं थांबवतो. ताईंनी साखळीची मर्यादा कुठून ठरवायची?

मुंबईच्या गिरणगावाने हे फार जवळून पाहिलं आहे. गावाकडून एकटे आलेले कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवत आणि पैसे पगार झाला की देत. म्हणजे महिनाभराचं धान्य, रॉकेल, मसाला सगळं बाईने आधी घालायचं. तिच्याकडे कुठून एवढे? ती वाण्याकडून उधार आणायची आणि वर चढं व्याज मोजायची. पगार महिन्याने देण्याची चैन गिरणीमालकाला परवडत होती कारण मधला महिना खानावळवाली सांभाळत होती; या हिशेबाने पाहिलं तर मुंबईच्या कापडधंद्याला बिनव्याजी पैसा चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून जात होता. संप झाला की जेवणारा बेकार, पण वाण्याचा तगादा चालूच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं ते या सावकारी पेचातून सोडवायला. त्या कर्जाचा उपयोग झाला, कारण रोग नेमका हेरला होता. बायकांना हुन्नर शिकवायची गरज नव्हती, गिऱ्हाईक दारात बसलेलं होतं. पेच होता तो पगाराच्या तारखेचा.

आणि आज? २६ जानेवारी २०२०ला राज्य सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली. जेवणाऱ्याने १० रुपये द्यायचे. शहरात थाळीचा दर ५० रुपये, ग्रामीण भागात ३५, आणि वरची रक्कम सरकार केंद्रचालकाला अनुदान म्हणून देणार. केंद्र चालवणाऱ्यांत बचत गट आहेत, छोटे खानावळवाले आहेत. २०२५मध्ये त्यांच्यावर अनुदान कित्येक महिने थकल्याचं गाऱ्हाणं घेऊन फिरायची वेळ आली. शहरातल्या केंद्राला थाळीमागे हातात १० येतात आणि ४० येणे राहतात. म्हणजे पाचातले चार हिस्से सरकारकडे. गिरणीमालक निदान महिन्याने पगार तरी करत होता! त्याच वर्षी सरकारी कामांचे कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले. एका हाताने उद्योजकतेच्या जाहिराती आणि दुसऱ्या हाताने बिलावर बसणं, हे एकच सरकार करतं.

कायदा नाही का? आहे, आणि कागदावर तो चांगला कडक आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. दाद मागायला प्रत्येक राज्यात परिषद, तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल. आता सांगा, ज्या गिऱ्हाइकाकडे आपला निम्मा माल जातो त्याच्यावर तक्रार कोण करणार? तक्रारीची पावती हातात पडायच्या आत पुढची ऑर्डर गेलेली असते. हक्क आहे, पण तो वापरायचा म्हणजे धंदा बंद करायची तयारी ठेवून.

२०२३ साली सरकारने वेगळा रस्ता घेतला. आयकर कायद्यात ४३ बी (एच) आलं: छोट्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरणार नाही. पहिल्यांदाच पुरवठादाराने तोंड न उघडता खरेदीदाराला चटका बसणार होता, आणि २०२४च्या मार्चअखेर बाजारात त्याचा जो गलका झाला त्यावरून चटका बसला हे कळलं. व्यापारी संघटनांनी हे पुढे ढकला म्हणून निवेदनं दिली. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. कापडबाजारात ९० दिवसांची रीत असेल तर मधल्या व्यापाऱ्याने ४५ दिवसांत कुठून द्यायचे, त्यालाही तर पुढून आलेले नाहीत. शिवाय भीती अशी की खरेदीदार नोंदणीकृत छोट्याला सोडून मोठ्याकडे वळेल, किंवा ‘उद्यमची (छोटा उद्योग म्हणून असलेली सरकारी) नोंदणी रद्द कर, मग माल घेतो’ म्हणेल. खुद्द व्यापाऱ्यांना तर या कायद्याचं संरक्षणच नाही. ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांपुरतं आहे.

ही भीती रास्त असेल तर त्यातून कायदा मागे घ्यावा असं निघत नाही, फट बुजवावी असं निघतं. फक्त छोट्याचे पैसे वेळेवर द्यायची सक्ती केली की छोटा महाग पडतो. मग तीच मुदत सगळ्यांना लावा. कराच्या क्रेडिटसाठी असलेली १८० दिवसांची मुदत टप्प्याटप्प्याने खाली आणा, पुरवठादार छोटा असो, मोठा असो, व्यापारी असो. मग छोट्याला टाळून खरेदीदाराला काहीच वाचणार नाही. ९० दिवसांच्या बाजारालाही सवय बदलायला दोन-तीन वर्षं मिळतील, आणि साखळीच्या वरच्या टोकाने दिले की मधल्याकडेही येतील. बिलांची माहिती जीएसटीच्या यंत्रणेत आधीच आहे, नवीन खातं उघडायला नको. ४५ दिवसांवर थकलेल्या लघुउद्योगांच्या पैशांचा तपशील कंपन्या केंद्र सरकारला दर सहा महिन्यांनी देतातच; तो कंपनीच्या नावासकट सगळ्यांना सहज पाहता येईल असा ठेवा. माल द्यायच्या आधी ताईंना फोनवर बघता आलं पाहिजे की ही पार्टी पैसे कधी देते. मोठ्या कंपन्या आपलं सिबिल बघतातच की.

तोवर थोड्या पैशात उतरणाऱ्याने काय करायचं? मोठी ऑर्डर नाकारायला शिकायचं, हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. वाढ सगळ्यांना हवी असते, आणि धंदा वाढतो तसा अडकणारा पैसाही वाढतो. मंदीत तगलेली माणसं दुप्पट ऑर्डरीत बुडालेली मी पाहिली आहेत. ताईंनी शेवटी एक साधी रेघ मारली: एका पार्टीकडे एकूण भांडवलाच्या चौथ्या हिश्शावर बाकी गेली की पुढचा टेम्पो भरायचा नाही, मग साहेबांची सही राहिलेली असो वा टूर. साखळीचं एक दुकान गेलं, दोन राहिली. त्या जागी सोसायट्यांमधल्या शनिवारच्या विक्रीला त्यांनी जोर लावला. तिथे पाकीट लहान, भाव थोडा कमी, पैसे त्याच वेळी.

सरकारी खात्यांना मात्र कराचं क्रेडिट नको असतं, त्यामुळे वरचा उपाय त्यांना लागू पडणार नाही. त्यांच्यासाठी निराळी तरतूद हवी: बिल स्वीकारल्याची तारीख संगणकावर पडली की ४५व्या दिवसापासून व्याज आपोआप चढायला लागलं पाहिजे, कुणी अर्ज न करता, आणि ते व्याज त्याच खात्याच्या पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून कापलं पाहिजे. सुरुवात शिवभोजनच्या केंद्रांपासून करता येईल. तिथे रोजच्या थाळ्यांची नोंद ॲपवर होतेच.